पॅडलबोर्डवरून मोठा मासा पकडायचाय? मग आधी बसायला शिका

किनाऱ्यावरून किंवा बोटीतून मासेमारी केलेल्या माणसाला एक सवय लागलेली असते, मासा लागला की पाय घट्ट रोवायचे, रॉड मागे खेचायचा आणि जोर लावायचा. ही सवय घेऊन पॅडलबोर्डवर आलात की पाचव्या सेकंदाला पाण्यात. कारण साधं आहे, पाय रोवायला खाली जमीनच नाहीये, तरंगणारी फळी आहे, आणि तुम्ही माशाला जेवढ्या जोरात ओढता तेवढ्याच जोरात तुम्ही स्वतः माशाकडे ओढले जाता. ८-१० किलोचा तगडा मासा बोर्डसकट माणसाला आरामात ओढत नेतो आणि नवीन माणूस नेमका इथेच घाबरतो. खरं तर एवढ्याशा फळीवरून मोठा मासा पकडता येतो तो यामुळेच. मासा बोर्ड ओढून ओढून दमतो, आपण फक्त वर टिकून राहायचं आणि बोर्डचं नाक माशाकडे ठेवायचं. पुढे जे काही सांगतोय ते सगळं एवढ्यासाठीच आहे.

आधी रॉड घरी ठेवून

पहिले काही दिवस बोर्ड, वल्हं आणि लाईफ जॅकेट एवढंच घेऊन जा. उभं राहून सरळ जाणं, वळणं, थांबणं हे जमलं की मुद्दाम पडा. गंमत म्हणून नाही, पडायची सवय म्हणून. पडताना बाजूला, अंग पसरून पडायचं, पाय किंवा डोकं आधी घालून उडी मारायची नाही कारण खाली पाणी किती आहे हे बरेचदा माहीतच नसतं. मग परत चढायचं: बोर्डच्या मधोमध हँडल असतं तिथे यायचं, हँडल धरायचं, पाय मागे पाण्याच्या पातळीला आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. खाली लटकून हाताच्या जोरावर वर यायला गेलात की बोर्ड अंगावर उलटतो. जॅकेट घातलेलं असताना हे वेगळंच लागतं म्हणून जॅकेट घालूनच शिका, आणि दमलेले असताना पण एकदा करून बघा.

दुसरं म्हणजे गुडघ्यावर बसून आणि दोन्ही बाजूला पाय सोडून बसूनही वल्हवायला शिका. उभं राहून मासा दिसतो चांगला, दूरवर फेकता येतं, पण झुंज बसूनच द्यायची असते. जे लोक पूर्ण वेळ उभे राहून मोठा मासा काढतात त्यांचे व्हिडिओ बघायला भारी वाटतात, त्यांची तेवढी प्रॅक्टिस असते, आपण त्यांच्या नादी लागायचं नाही.

बोर्ड कसला हवा

रेसिंगचा किंवा लाटांवरचा अरुंद बोर्ड यासाठी नको. फिशिंगचे बोर्ड साधारण ३३ ते ३६ इंच रुंद आणि साडेदहा ते बारा फूट लांब असतात, रुंदी वाढली की स्पीड कमी होतो पण आपल्याला स्पीड नकोच आहे. वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते ती स्वतःचं वजन, सामान, बर्फाची पेटी आणि मासा सगळं धरून असते, अगदी काठोकाठ जाऊ नका, बोर्ड जड होऊन पाण्यात बसला की डगमगायला लागतो.

हवेचा की कडक, यावर लोक तासन्‌तास भांडतात. दोन्ही चालतात. चांगल्या हवेच्या बोर्डचं मटेरियल बऱ्यापैकी चिवट असतं आणि गळ नुसता घासला म्हणून काही फुगा फुटत नाही, पण हवा पूर्ण भरा, बहुतेकांना १२ ते १५ पीएसआय लागते, नेमका आकडा त्या बोर्डवरच लिहिलेला असतो. अर्धवट भरलेला बोर्ड मधून वाकतो आणि बाजूला वजन गेलं की लगेच कलतो. उन्हात भरून ठेवलेला बोर्ड गार पाण्यात टाकला की प्रेशर उतरतं, म्हणून पाण्यात थोडा वेळ ठेवून परत एकदा चेक करा. आणि उलटं पण खरं, टाईट भरलेला बोर्ड तळपत्या उन्हात वाळूवर सोडून जाऊ नका.

जॅकेट, लीश आणि कापायचं साधन

जॅकेट अंगात. बोर्डवर बांधलेलं जॅकेट म्हणजे नसल्यासारखंच. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने तर २००८ मध्येच पोहण्याच्या आणि सर्फिंगच्या हद्दीबाहेरचा पॅडलबोर्ड म्हणजे जहाजच असं ठरवून टाकलं आणि तेव्हापासून तिथे बोर्डवर लाईफ जॅकेट ठेवणं सक्तीचं आहे. कमरेला बांधायचे फुगणारे पट्टे मिळतात, सुटसुटीत आहेत, पण ते पडल्यावर स्वतः फुगवून डोक्यात घालावे लागतात, आणि हात लाईनमध्ये अडकलेला असताना हे कोण करणार. मासेमारीला खिशांचं, वर चढवलेल्या पाठीचं जॅकेट बेस्ट, पक्कड आणि कटर पण त्यातच राहतात.

लीशबद्दल, म्हणजे तुम्हाला बोर्डशी जोडणाऱ्या दोरीबद्दल, जरा थांबून सांगतो कारण इथे जीव जातात. शांत तळं, खाडीचं संथ पाणी, उघडा समुद्र इथे पोटरीला बांधायची गुंडाळी लीश ठीक आहे, सरळ लांब लीश पाण्यात लोळत राहते आणि लाईन तिच्यात गुंतते म्हणून गुंडाळीवाली घ्या. पण वाहतं पाणी असेल, नदी, बंधारा, पुलाचे खांब, बोया, नांगरलेल्या बोटी असं काही असेल तर पायाला बांधलेली लीश कशात तरी अडकते, पाण्याचा जोर तुम्हाला खाली दाबतो आणि पायापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी लीशच हवी. वेल्समध्ये हॅवरफोर्डवेस्टला ऑक्टोबर २०२१ मध्ये नदीवरच्या बंधाऱ्यात चार पॅडलबोर्डवाल्यांचा जीव गेला, त्याच्या तपासातही चुकीच्या लीशचा मुद्दा आला होता. सोडायची ती गाठ डोळे मिटून, दोन्ही हातांनी सोडून बघा.

कटर: बोथट टोकाची सुरी किंवा लाईन कापायची कात्री, जॅकेटच्या छातीवर, डाव्या हाताने पण काढता येईल अशी. हे साधन खरं तर रॉडपेक्षा महत्त्वाचं आहे. लाईन हाताला, पायाला, लीशला गुंडाळली गेली किंवा मासा तुम्हाला बोटींच्या रस्त्यात न्यायला लागला तर विचार करत बसायचं नाही, कट. कधी कापायचं ते किनाऱ्यावरच ठरवून ठेवा, कारण मासा लागल्यावर डोकं चालत नाही, सगळ्यांचंच.

बाकी शिट्टी, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये फोन, समुद्रात जात असाल तर तरंगणारा व्हीएचएफ रेडिओ (चॅनल १६ वर मदत मागतात), भडक रंगाचे कपडे. कुठे जातोय आणि कधी परत येणार हे कुणाला तरी सांगून जा. पोलराइज्ड गॉगल मासे दिसायला तर लागतोच, पण माशाच्या तोंडातून सुटलेला ल्यूर (खोटं आमिष) गोळीसारखा परत येतो तेव्हा डोळा वाचतो.

रॉड, लाईन, गळ

रॉड सात ते साडेसात फुटी घ्या. कारण मासा बोर्डखालून दुसऱ्या बाजूला गेला की रॉडचं टोक पाण्यात घालून बोर्डच्या नाकाला वळसा घालून लाईन पलीकडे न्यावी लागते, आखूड रॉड तिथवर पोचत नाही आणि लाईन बोर्डच्या कडेवर किंवा मागच्या फिनवर (बोर्डखालच्या पंखावर) घासून तुटते.

लाईन फार बारीक नको. ऐकायला उलटं वाटेल, पण बारीक लाईनवर मासा तासभर फिरवत बसलात तर तुम्ही किती दूर गेलात कळत नाही आणि मासा दमून मरतो, सोडला तरी. मध्यम-जड टॅकल (रॉड, रील, लाईन) वापरा. बोर्डवर १५ रॉड आणि पेटीभर ल्यूर पण नकोत, एक रॉड, फार तर दोन, प्रत्येकाला बारीक दोरी किंवा तरंगणारी मूठ. जेवढ्या दोऱ्या तेवढी गुंतागुंत.

आता ड्रॅग, म्हणजे मासा लाईन ओढतो तेव्हा रील जी अडवणूक करते ती. लाईन जेवढं वजन पेलते त्याच्या साधारण पाव भागावर ड्रॅग ठेवायचा असं सगळीकडे सांगतात, म्हणजे २० पौंडी लाईनला ५ पौंड. बोर्डवर त्याहून थोडा ढिला सुरू करा, ३-४ पौंड, कारण बोर्ड स्वतःच ड्रॅगचं काम करतोय. अंदाजाने नको, सामान मोजायचा लटकता काटा येतो ना तो लाईनला बांधून खेचून बघा, लाईन सुटायला लागली की आकडा वाचा. अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: स्पूलवरची लाईन कमी होत गेली की ड्रॅगचा बटण न फिरवता पण ओढ वाढत जाते, लाईनच्या गुंडाळीचा व्यास अर्धा झाला की ओढ जवळपास दुप्पट. म्हणजे मासा लांब पळाला की ड्रॅग आवळायचा मोह होतो आणि तेव्हाच तो ढिला करायचा असतो.

तीन तोंडांचे गळ काढून एकेरी लावा, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. ल्यूरवर दोन तिहेरी गळ आणि मांडीजवळ तडफडणारा मासा, म्हणजे एक गळ माशात आणि दुसरा तुमच्यात. जिवंत किंवा मेलेलं आमिष लावत असाल तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ), त्याला झटका मारायचा नाही, लाईन ताणली की नुसतं गुंडाळायला लागायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आणि झटका नाही म्हणजे तोल पण जात नाही, आपल्यासाठी दुहेरी फायदा.

वारा आणि पाणी

उभा माणूस म्हणजे शिडच. १० नॉटचा वारा २० नॉट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. नवीन माणसाने १० नॉटच्या वर जाऊच नये असं माझं मत. सगळ्यात फसवा वारा म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, मतलई. किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसतं, लाटच नाही, आणि बाहेर गेलात की परत येता येत नाही. सुरुवात नेहमी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करायची म्हणजे येताना ढकल मिळते. मासा तुम्हाला कुठे नेईल हे तुमच्या हातात नाही, म्हणून हा हिशोब अजूनच महत्त्वाचा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा जोर जास्त, सुरुवातीला भांगाचे (भरती-ओहोटी कमी असते ते) दिवस बघून जा. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, तेव्हा घरी. गडगडलं तर लगेच बाहेर, हातात कार्बनचा रॉड आहे आणि आसपास तुमच्याहून उंच काही नाही.

थंड पाणी असेल तर कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांचा १-१०-१ असा एक सोपा हिशोब आहे: अगदी गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे परत चढायचं ते त्या १० मिनिटांत.

नांगर टाकत असाल तर दोरी बोर्डच्या टोकाला, मधे बाजूला कधीच नाही, प्रवाहाने बोर्ड उलटतो. दोरीला एक छोटा फ्लोट आणि झटकन सुटणारा हुक लावा, मासा लागला की नांगर फ्लोटसकट तिथेच सोडून द्यायचा आणि नंतर येऊन घ्यायचा. नांगरलेल्या बोर्डवर मोठा मासा खेळवणं म्हणजे बोर्डचा सगळा फायदाच घालवणं.

लागला!

आता क्रम लक्षात ठेवा.

आधी खाली बसा. गुडघ्यावर, आणि मासा खरंच मोठा वाटला तर दोन्ही बाजूला पाय सोडून. वल्हं गुडघ्याखाली किंवा त्याच्या पट्ट्यात, पाण्यात टाकू नका, लीश असली तरी. पहिली धाव मोठी असते, त्यात काहीही करायचं नाही, रीलला ओरडू द्या.

मग बोर्ड वळवा, म्हणजे खरं तर मासाच वळवतो. घड्याळात बोर्डचं नाक १२ धरलं तर रॉड १० ते २ च्या मधे ठेवा. नाकावरून ओढ आली की बोर्ड सरळ ओढला जातो, बाजूने आली की कलतो. मासा बाजूला गेला तर ज्या बाजूला वळायचंय तिकडचा पाय पाण्यात खोल सोडा, तेवढ्याने नाक फिरतं. नाही फिरलं तर ड्रॅग क्षणभर ढिला करा आणि मग वळा. बाजूला झुकून जोर लावायचा नाही, अजिबात.

ओढत नेतोय? जाऊ दे. पण मधे मधे मान वर करून किनारा बघत राहा, बोटींचा मार्ग, खडक, फुटणाऱ्या लाटा. आधीच ठरवलेली हद्द आली की कट, मग मासा कितीही मोठा असो, आणि तो मोठाच असतो, सुटलेला.

ओढ कमी झाली की रॉड हळू वर, मग खाली नेताना गुंडाळा. रॉड ४५ अंशाच्या आसपास, उभा करू नका. लाईन हाताला गुंडाळून ओढायचा तर विचारही नको, ब्रेडेड (विणलेली) लाईन बोट कापते. आणि लाईन ताणलेली असताना चेहरा तिच्या सरळ रेषेत ठेवू नका.

बोर्डजवळ आल्यावर

सगळ्यात जास्त लोक इथे पडतात. मासा दिसला की घाई होते, माणूस पुढे वाकतो, माशाला बोर्ड दिसतो, तो शेवटची उसळी घेतो. म्हणून जवळ आला की एक-दोनदा स्वतःहून जाऊ द्या. आडवा झाला, कुशीवर आला की मग घ्या.

रॉडच्या टोकापासून जवळजवळ रॉडएवढी लाईन बाहेर ठेवा, जास्त गुंडाळलं तर मासा हाताशी येत नाही आणि रॉड उभा होऊन मोडतो. रॉडचा हात मागे आणि पलीकडच्या बाजूला, दुसऱ्या हातात रबराच्या जाळीचं नेट किंवा जबड्याची पकड. वजन पलीकडच्या पायावर. मासा डोक्याकडून नेटमध्ये येतो, शेपटीकडून गेलात तर पळतो. गॅफ नको, हवेच्या बोर्डवर तर नकोच, आणि मांडीपासून एक वीतभर अंतरावर ते टोकदार आकडं फिरवायची हिंमत करू नका.

सोडायचा असेल तर पाण्यातच सोडा, लांब पकडीने गळ काढा. फोटो हवाच तर हात ओले करून, एक हात पोटाखाली, आडवा धरून, आणि स्वतःचा श्वास रोखून धरा, आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्याला पण पाणी हवंय. मोठ्या माशाला जबड्याने उभा लटकवू नका. दमलेला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा, कल्ल्यांतून पाणी जाऊ दे, शेपटी हलवून स्वतः जायला लागला की सोडा. पुढेमागे घुसळायची गरज नाही.

काही मासे बोर्डवर घ्यायचेच नाहीत, पाण्यातूनच सोडा किंवा लाईन कापा: पाकट (शेपटीचा काटा), मुशी आणि तिचे मोठे भाऊबंद, चोचवाले मासे. सुरमई, बाराकुडा यांचे दात ब्लेडसारखे, घ्यायचेच असतील तर डोकं नेटमध्ये राहू द्या. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे बघून हात लावा. आणि शार्क असलेल्या पाण्यात पकडलेला मासा दोरीला बांधून बोर्डमागे लटकवत फिरू नका. शार्कने तुमचा लागलेला मासा धरला तर तो त्याचा, लगेच कापून मोकळे व्हा.

पडलात तर, रुतला तर

रॉड सोडा. आधी बोर्ड, मग वल्हं, मग रॉड मिळाला तर मिळाला. वर चढायच्या आधी आसपास ल्यूर कुठे लोंबतोय बघा, घाईत त्याच्यावरच पोट टेकवणारे आहेत. लाईन पायात असेल तर पाय मारू नका, अजून गुंडाळते, कापा.

गळ हातात रुतला तर पहिलं काम लाईन कापून मासा वेगळा करणं, बाकी सगळं नंतर. काटा सपाट केलेला गळ आला त्या वाटेने परत निघतो, मग जखम धुवा. काटा असलेला खोल रुतला असेल किंवा डोळ्याजवळ, सांध्याजवळ, गळ्याजवळ असेल तर हात न लावता, हलणार नाही असा बांधून डॉक्टरकडे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते पण विचारा.

परत आल्यावर लाईनचे शेवटचे दोन-तीन मीटर बोटांनी चाचपून बघा, खरखरीत लागले तर तेवढे कापून नवीन गाठ मारा. सगळं गोड्या पाण्याने धुवा, आणि रील ठेवताना ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. आवळून ठेवला की आतल्या चकत्या दबून चिकटतात, मग पुढच्या वेळी लाईन सरळ सुटत नाही, झटके देत सुटते, आणि बोर्डवर झटका म्हणजे काय होतं ते आता सांगायला नको.